भिंतीलगतची जागा

“आम्ही थांबायचं ते इथंच ना?”

हा प्रश्न धाकट्यानं दवाखान्यात चार जणांना विचारला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, नाव पुकारतील. दारावरचा शिपाई म्हणाला, बसा. हातात ट्रे घेऊन निघालेली सिस्टर म्हणाली, कागद जवळ ठेवा. चालता चालता फोनवर बोलणाऱ्या एका डॉक्टरांनी मान हलवली, पण ती धाकट्यासाठी हलवली की फोनवरच्या माणसासाठी, ते कळलं नाही. इथंच की दुसरीकडे, हे चौघांपैकी एकानंही सांगितलं नाही.

मला हे माहीत आहे, कारण त्या वेळी मी त्याच्या खांद्याला लटकत होतो. मी घडीचा स्टूल आहे. मला डोळे नाहीत, मला फक्त वजन कळतं. कोण किती दमलंय, कोण कधीही उठून पळेल, कोण आता उठणारच नाही, हे मला बसण्यावरून समजतं. बाकीचं मी कानांनी ऐकलंय, आणि दिसण्यातलं जे सांगतो ते इतरांच्या बोलण्यातून कळलेलं.

माझा जन्म एका दुपारचा. धाकटा वेल्डर. खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवणाऱ्या दुकानात काम करायचा. शाळा त्यानं चौथीत सोडली होती. हात सोन्याचे, पण डोकं भडकू. ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याला ‘वादळ’ म्हणायची. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच त्याला वाढवलं होतं.

त्या दिवशी सकाळी तो ताईला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेला होता. ताईच्या हृदयातली एक झडप बिघडली होती. चार पावलं चाललं की धाप लागायची, संध्याकाळी पाय सुजायचे. डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलावी लागेल, ऑपरेशन लवकर झालं तर बरं. लवकर म्हणजे कधी, ते यादी ठरवणार होती. हे एवढं ऐकायला ताईला तीन तास थांबावं लागलं, आणि ते तीन तास ती चपलांच्या ढिगाशेजारी फरशीवर बसली होती.

ताईला घरी सोडून तो तसाच दुकानात आला, कुणाशी न बोलता पाइप कापायला घेतला आणि दिवस मावळायच्या आत मला उभं केलं. चार पाय, कात्रीसारखे एकमेकांत अडकवलेले. बसायला निळं रेग्झिन, शेजारच्या सीटकव्हरवाल्याकडून मागून आणलेलं. खांद्यावर टाकायला एका जुन्या बॅगेचा पट्टा. एक रिबिट जरा वाकडं बसलं, त्यामुळे उघडताना मी टक् असा आवाज करतो.

वस्तादांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, मला उलटसुलट करून पाहिलं. धाकट्याला म्हणाले, “चांगला झालाय. आता ज्या माणसाच्या जाळीचा हा पाइप होता, त्याला खिडकीत हा स्टूल बसवून देऊ का?”

धाकटा हसला नाही. वस्तादांनी बडबड केली, पण पाइप परत मागितला नाही.

पुढच्या मंगळवारी मी पहिल्यांदा दवाखान्यात गेलो. खिडकीत कागद दिले गेले. बाईंनी शिक्का मारला आणि सांगितलं, यादी मंगळवारी लागते, अकराच्या सुमाराला. मग धाकट्यानं तो प्रश्न विचारला, चौघांना, आणि उत्तर न मिळताच दोघं खिडकीसमोरच्या लांब वऱ्हांड्यात थांबले.

माझ्यात एक खोट आहे. मला पाठ नाही. ताईला टेकायला काहीतरी लागायचं. वऱ्हांड्याच्या टोकाला झरोक्याखाली भिंतीलगत एक जागा होती. वारा यायचा, आणि भिंतही गार नव्हती. धाकट्यानं मला तिथं उघडलं, ताई बसली, पाठ टेकली आणि म्हणाली, “हे बरं झालं. आता इथून हलायचं नाही.”

ती सगळा भार टाकून बसली होती. ते वजन मला अजून आठवतं.

मग मंगळवार सुरू झाले. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, लांबच्या गाडीवर ड्रायव्हर. आठ-आठ दिवस बाहेर. त्यामुळे धाकटा मंगळवारची सुट्टी टाकायचा. सकाळी रिक्षा, नऊ वाजता भिंत, चार वाजता परत. वऱ्हांड्यात नावं पुकारली जायची. कुणाचं रक्त तपासायचं, कुणाचा एक्सरे, कुणाला गोळ्या. दार उघडलं की सगळ्या माना एकदम वर व्हायच्या आणि दार मिटलं की एकदम खाली. ताईचं नाव कधी आलं नाही.

थांबणाऱ्या माणसांच्या सवयी मी तिथं शिकलो. ती कागद पुन्हा पुन्हा उघडून बघतात, जणू रात्रीत त्यावर काही नवीन उगवलं असेल. शेजारच्याला ‘तुमचा नंबर कितवा’ विचारतात आणि त्याचा आपल्यानंतरचा निघाला की जीव भांड्यात पडतो. ‘जरा पाच मिनिटं टेकतो’ म्हणून ताईकडून मला मागून घेणारा माणूस तासभर उठत नाही. ताई कुणालाही द्यायची. उभी राहायची भिंतीला धरून, आणि धाकटा दातओठ खायचा.

पाचव्या-सहाव्या मंगळवारी त्याचा धीर सुटला. त्यानं खिडकीवर मूठ आपटली. बाई घाबरून मागं सरकल्या, शिपाई धावला, दंडाला धरून त्याला फाटकाबाहेर नेलं. थोड्या वेळानं ताई स्वतः चालत गेली. धाप लागत, थांबत थांबत. शिपायाला म्हणाली, माझा भाऊ आहे, डोकं तेवढं गरम आहे, मन वाईट नाही. मग त्याला हाताला धरून खिडकीशी आणलं आणि माफी मागायला लावली. परत माझ्यावर बसली तेव्हा ती दोन्ही हातांनी माझ्या कडा धरून होती. त्या दिवसापासून त्यानं आवाज चढवला नाही. मुकाट्यानं उभा राहायचा.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला दुसरी इमारत होती. लोक फायली घेऊन तिकडं जायचे. एकदा, आठवा मंगळवार असेल, धाकटा ताईला म्हणाला, “मी जरा त्या मागच्या इमारतीत वर जाऊन बघून येतो. तिथं कुणाला तरी विचारतो.”

“तू वर गेलास आणि इथं नाव पुकारलं तर?” ताई म्हणाली. “मला उठून पळता येतंय का? एकदा नाव गेलं म्हणजे गेलं. गप उभा राहा.”

त्यानं नंतरही विचारलं. तिनं दर वेळी तेच सांगितलं. तिला भीती होती. इतके दिवस थांबलो, आणि नेमकं आपण नसताना नाव यायचं, अशी. ही भीती त्या वऱ्हांड्यातल्या प्रत्येकाला होती. माणसं लघवीला जायचंसुद्धा टाळायची.

मला एक गोष्ट बोलायची आहे, ती इथंच बोलून टाकतो. मी नसतो, तर ताई तिथं एवढी टिकली नसती. फरशीवर बसून कंबर मोडली असती, जागा शोधत दोघं फिरली असती, कुठंतरी कुणाला तरी धडकली असती. मी चांगला झालो होतो. वस्ताद म्हणालेच होते.

महिने गेले. ताई वरून हलकी होत गेली आणि तिचे पाय जड. पाय जमिनीवर टेकवताना ती ते हातांनी उचलून ठेवायची. माझ्या एका पायाचं रबरी टोपण हरवलं, तिथं धाकट्यानं एका बाटलीचं झाकण ठोकून बसवलं. खिडकीतल्या बाई बदलल्या, नवीन आल्या. त्यांनीही सांगितलं, नाव पुकारतील.

एकोणिसाव्या मंगळवारी ताई माझ्यावरून एका बाजूला कलली. पडली नाही. धाकट्यानं धरली. सिस्टर आल्या, तिला आत नेलं, नाकाला नळी लावली. आतल्या डॉक्टरांनी धाकट्याला एक कागद दिला आणि मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरून शिक्का मारून आणायला सांगितलं. तो मला खांद्यावर टाकून पळाला. मला खाली ठेवायचंही त्याला सुचलं नसावं.

पहिल्या मजल्यावर एका बंद दारासमोर तीस-चाळीस माणसं उभी होती. चष्मा घातलेला एक कारकून खुर्चीत बसून मोठ्यानं नावं वाचत होता. नाव आलं की माणूस पुढं व्हायचा, कारकून तारीख लिहून द्यायचा. धाकट्यानं शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, हे काय चाललंय. म्हातारा म्हणाला, ऑपरेशनची यादी. दर मंगळवारी अकराला.

यादी संपेपर्यंत धाकटा तिथंच उभा राहिला. मग कारकुनासमोर जाऊन ताईचं नाव सांगितलं. कारकुनानं रजिस्टर मागं मागं उलटलं.

“हे नाव दोनदा पुकारलंय,” तो म्हणाला. “दोन्ही वेळा गैरहजर.”

“आम्ही खालीच होतो,” धाकटा म्हणाला. “एकोणीस मंगळवार.”

“खाली कशाला?”

“खाली थांबायला सांगितलं.”

“कुणी सांगितलं?”

सांगितलं कुणीच नव्हतं.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, खालच्यांनी कळवायचं असतं. दोनदा गैरहजर राहिलं की नाव शेवटी जातं, तसा नियम आहे. मी परत वर आणायचं बघतो, पण सहा-सात आठवडे धरून चाला. मग त्यानं शिक्का मारला आणि ताईच्या कागदावर लाल शाईनं दोन तारखा लिहून पुढं ‘गैरहजर’ असं लिहिलं. धाकट्याला ते वाचायला वेळ लागला. एकेक अक्षर लावून वाचलं त्यानं.

मला वाटलं, आता हा टेबल उलथवणार. त्यानं कागदाची घडी केली. पाचेक पायऱ्या उतरल्यावर तो जिन्यातच थांबला. मी त्याच्या पाठीवर होतो. पाठ हलत होती, पण आवाज नव्हता. खाली नळ होता. त्यानं तोंड धुतलं, खिडकीकडे गेला आणि बाईंना शांतपणे विचारलं. बाई म्हणाल्या, यादी वरची असते, वरचेच कळवतात.

आत ताई शुद्धीवर आली होती. म्हणाली, “एवढा वेळ?”

“शिक्क्याला गर्दी होती,” तो म्हणाला. “यादीची जागा बदललीय त्यांनी. पुढच्या मंगळवारपासून मागच्या इमारतीत, वर बसायचं.”

“बघ,” ताई म्हणाली. “मी म्हणत नव्हते? बदल असला की सांगतात ते.”

त्यानं “हो” म्हटलं. तो कागद फायलीत मधोमध, जुन्या रिपोर्टांच्या आत सरकवला.

पुढचे मंगळवार जिन्याचे. बत्तीस पायऱ्या. लिफ्टवर ‘बंद’ अशी पाटी होती आणि पाटीवर धूळ होती. तो ताईला पाठुंगळी घ्यायचा आणि मला गळ्यात अडकवायचा. सोळाव्या पायरीवर मला उघडून तिला टेकवायचा.

“लहानपणी तू माझ्या केसांना धरून लटकायचास,” ताई एकदा तिथं म्हणाली.

“मग तूही धर. कोण नको म्हणतंय?”

“केस ठेवलेस कुठं? ठिणग्यांनी जाळून घेतलेस.” तिला हसू आलं, मग खोकला आला.

वर बसायला लागल्यापासून सातव्या मंगळवारी नाव पुकारलं गेलं. ताईनं हात वर केला, शाळेत करतात तसा. कारकुनानं तारीख लिहिली, तीन आठवड्यांनंतरची. आदल्या रात्री दहानंतर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, सकाळी सातला यायचं. घरी भाचीनं, म्हणजे ताईच्या मुलीनं, भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेभोवती गोल काढला. भाऊजींनी रजा मागितली, ती मिळाली नाही. ताईच्या सासूबाईंनी तिचे दोन गाऊन धुऊन, घडी करून पिशवीत भरले.

त्या दिवशी सातला आम्ही पोचलो. ताईला हिरवा झगा दिला. मनगटाला नावाची पट्टी बांधली. पलंग रिकामा व्हायचा होता, म्हणून ती ऑपरेशनच्या दाराबाहेर माझ्यावरच बसली. नऊ वाजले. बारा वाजले. ओठ सुकले म्हणून धाकट्यानं रुमाल ओला करून दिला, तर एक सिस्टर म्हणाली, चोखू देऊ नका, नुसता लावा. दोन वाजता त्यानं विचारलं, किती वेळ. उत्तर आलं, आत काम चालू आहे. धाकट्यानंही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्याला कुणी उपाशी राहायला सांगितलं नव्हतं.

पावणेचारला फरशी पुसायला आलेली बाई ताईला म्हणाली, “तुम्ही अजून बसलाय? आजचं रद्द झालं ना. अपघाताची केस आली सकाळी. डॉक्टर जेवून घरी गेले.”

धाकट्यानं आत जाऊन खात्री करून घेतली. खरं होतं. नवीन तारीख फोनवर कळवू, असं आतून सांगण्यात आलं.

ताईनं मनगटावरची पट्टी काढायला हात पुढं केला. पट्टी निघेना, तेव्हा त्यानं दातांनी तोडली. “आता चहा पाज,” ती म्हणाली. चहा तिनं अर्धाच प्यायला.

फोन आला नाही. धाकटा दुकानातून रोज दोनदा फोन लावायचा. घंटी वाजत राहायची, किंवा कुणीतरी उचलून ‘थांबा हं’ म्हणून बाजूला ठेवून द्यायचं. मशीन बंद करून तो फोन कानाला लावून उभा राहायचा. मी तेव्हा ताईच्या घरी होतो. पलंगावर आडवं झालं की तिचा जीव घाबरायचा, म्हणून ती दिवसभर दाराशी, भिंतीला टेकून माझ्यावरच बसायची.

दहाव्या दिवशी दुपारी ती तशीच बसली होती. सासूबाई आत झोपल्या होत्या. भाची शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि तिच्या पायाशी बसून सांगू लागली. गणिताच्या बाई रजेवर गेल्या, बाकावरून कुणाचं तरी भांडण झालं, तिला सहलीला जायचंय. बराच वेळ बोलत होती. आई ऐकतेय असं तिला वाटलं. मलाही वाटलं. माणूस गेल्यावर त्याचं वजन बदलत नाही. मला काही कळलं नाही.

सासूबाई उठून बाहेर आल्या, तेव्हा त्यांना कळलं.

धाकट्याला निरोप गेला. तो आला, त्यानं ताईला माझ्यावरून उचललं आणि आत नेऊन निजवलं. पायऱ्या चढताना जसं जपून न्यायचा, तितक्याच जपून. रडला नाही. मग बाहेर येऊन त्यानं मला मिटलं.

आता मी याच घरात, दाराआड घडी घालून उभा असतो. वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की भाची मला उघडते. मी टक् करतो. ती चढते, वस्तू काढते, मला मिटते. सासूबाई माझ्यावर बसत नाहीत. रेग्झिनला एका बाजूनं चीर गेली आहे. धाकटा इथं येत नाही. भाऊजी त्याचं नाव काढत नाहीत. तो अजून त्याच दुकानात जाळ्या बनवतो, असं भाची एकदा मैत्रिणीला सांगत होती.

मला कुणाकडे तक्रार करायची नाही. एवढंच म्हणणं आहे. तुम्ही एखाद्या खिडकीमागे, दारावर, रजिस्टरासमोर बसत असाल, तर समोरच्याला नुसतं थांबा म्हणू नका. कुठं थांबायचं, तेवढं बोटानं दाखवा. त्याला अर्धा क्षण लागतो. दवाखान्यात ताईला मी सत्तावीस दिवस पेललं, पण मला बोट नव्हतं.

धाकटा शेवटचा आला तो दिवस सांगतो, म्हणजे माझं संपलं.

पाहुणे गेले होते. भाऊजी, सासूबाई, भाची, सगळी बाहेरच्या खोलीत होती. धाकटा दाराशी, माझ्या शेजारी, जमिनीवर बसला होता. ताईच्या मृत्यूचा दाखला काढायचा म्हणून भाऊजींनी फाइल उघडली होती आणि भाची एकेक कागद वाचून लावून देत होती. ती आठवीत. भराभर वाचते. रिपोर्टांच्या मधोमध आल्यावर ती थांबली.

“बाबा, यात आई दोनदा गैरहजर लिहिलंय.”

भाऊजींनी कागद हातात घेतला. तारखा बघितल्या. सासूबाई म्हणाल्या, “गैरहजर कशी? दर मंगळवारी तर जात होती. मग ही बसायची तरी कुठं?”

भाऊजींनी धाकट्याकडे पाहिलं. “तू बरोबर होतास ना?”

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. यादी मागच्या इमारतीत लागायची, आपण पुढच्या वऱ्हांड्यात बसायचो, दोनदा नाव पुकारलं गेलं. भिंत, झरोका, वारा, सगळं. हळू आवाजात, क्रमानं. एवढं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. भाऊजींनी फायलीची नाडी बांधायला घेतली, गाठ बसेना, दोनदा सुटली.

भाचीनं त्याच्याकडे न बघता विचारलं, “मामा, आईला नाही का वाटलं, वर जाऊन बघावं असं? ती नुसतीच बसून राहिली?”

“नाही गं,” धाकटा म्हणाला. “ती दर मंगळवारी म्हणायची, वर बघून ये. मीच गेलो नाही.”